बिनकागदाचे घड्याळ

१९६२ च्या कस्टम्स कायद्यात १२३ क्रमांकाचे एक कलम आहे. एरवी कुणावर आरोप झाला की तो सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची असते. या कलमाने काही वस्तूंपुरती ती उलटी केली. माल तस्करीचा आहे अशा वाजवी समजुतीने अधिकाऱ्याने तो जप्त केला, तर तो तसा नाही हे ज्याच्याकडून जप्त झाला त्याने सिद्ध करायचे. या वस्तूंची यादी लांबलचक नाही. तिच्यात सोने आहे, सोन्याच्या वस्तू आहेत आणि त्यांच्या शेजारी घड्याळे आहेत. इतर माल सरकार अधिसूचना काढून यादीत घालू शकते. घड्याळाचे नाव मात्र कायद्याच्या मजकुरातच आहे. हे कलम आजही लागू आहे.

ते आठवायचे कारण म्हणजे आमच्या शाळेतले एक सर. त्यांना जुने ओमेगा घ्यायचे आहे. स्टीलची केस, चावीचे मशीन, साठच्या दशकातले. विकणारा छत्रपती संभाजीनगरचा (आमच्या तोंडी अजून औरंगाबादच येते), आणि किंमत सरांच्या एका पगाराहून थोडी जास्त. डबी नाही, गॅरंटी कार्ड नाही, पावती नाही. सरांनी फोटो दाखवला आणि विचारले, “भाई, चोरीचे तर नसेल ना?” मी उर्दू आणि मराठी शिकवतो, घड्याळे विकत नाही. पण जुने उर्दू कागद वाचून घ्यायला लोक माझ्याकडे येतात, त्यामुळे कागदाचा कुठलाही प्रश्न असला की तो माझ्या दारात येतो.

सरांचा प्रश्न रास्त आहे. फक्त “कागद नाही म्हणजे काहीतरी गडबड” हा हिशेब आमच्या मुलखाला जसाच्या तसा लावता येत नाही. इथे जुन्या घड्याळांचे कागद का नसतात, याला इतिहास आहे.

बीड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सरकारी दफ्तराची भाषा उर्दू, सन फसली, आणि चलनही संस्थानाचे स्वतःचे, हाली सिक्का. शेजारचा नगर जिल्हा इंग्रजांचा. तिकडून माल आष्टी-पाटोद्याच्या बाजूला आला की संस्थानाची जकात लागायची. या खात्याला करोडगिरी म्हणत आणि दर शेकडा पाच असा होता. घड्याळे यायची ती मुंबईहून किंवा हैदराबादच्या दुकानांतून. फाव्र-लुबा ही स्विस कंपनी १८६५ पासून हिंदुस्थानात व्यापार करत होती. आमच्याकडचे जुने लोक तिला ‘फेवरलूबा’ म्हणतात. वेस्ट एंड वॉच कंपनीचे नाव १८८६ चे, मुंबईच्या बाजारासाठीच घेतलेले. तिच्या एका घड्याळाचे नाव ‘सोवार’, म्हणजे आपला सवार, घोडेस्वार. अंबाजोगाईला म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला हा शब्द परका नव्हता, तिथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती.

काही वर्षांपूर्वी एका घरी जमिनीचे कागद वाचताना मधेच एक छोटी पावती निघाली. हैदराबादच्या दुकानाची, सन १३४६ फसली. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येते, म्हणजे १९३६-३७. घड्याळाचा नंबर, रक्कम हाली रुपयांत, खाली सही. घरातल्या आजींना मी विचारले, घड्याळ कुठे आहे? त्या म्हणाल्या, “वो तो पोलीस ॲक्शन में गया.” सप्टेंबर १९४८ च्या त्या दिवसांत आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात काय काय लुटले गेले, हे पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने फिरून लिहून ठेवले आहे. या घरात पावती वाचली, घड्याळ गेले. बहुतेक घरांत उलटे झाले. बाई-माणसे रातोरात निघाली तेव्हा मनगटावरचे, कमरेचे तेवढे बरोबर आले. लाकडी पेटी आणि तिच्यातले कागद मागे राहिले.

नंतर परत आलेल्या माणसांनी नवे कागद केले ते शेताचे, घराचे. घड्याळाचा नवा कागद कोण करतो?

इथे थोडे विषयांतर होईल, पण राहवत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा मराठवाड्यात उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची एकदम विचारपूस सुरू झाली. ज्या लिपीला काल कुणी विचारत नव्हते, तिच्यात आपल्या आजोबांचे नाव असेल म्हणून माणसे रांगेत उभी होती. आणि त्याच्या चार वर्षे आधी, २०१९-२० च्या हिवाळ्यात, आमच्या मोहल्ल्यांत लोक पेट्या उपसून जन्माचे, शाळेचे दाखले लॅमिनेट करत होते. कागद ही चीज आमच्याकडे कुणीच हलक्यात घेत नाही. म्हणून सरांच्या प्रश्नाला “काही होत नाही, घेऊन टाका” असे उत्तर मला देववले नाही.

स्वातंत्र्यानंतरचा काळ तर बिनकागदाच्या घड्याळांचाच. परकीय चलनाची टंचाई आली, चैनीच्या वस्तूंची आयात आवळली गेली. सरकारने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू केला. जनता, पायलट, सोना, कांचन ही नावे माझ्या पिढीला पाठ आहेत. माझ्या वडिलांच्या मनगटावरही एचएमटीच होते. पण मागणी पुरवठ्याच्या कितीतरी पुढे. लग्नात जावयाला घड्याळ द्यायचे तर ओळख काढावी लागे. आणि ज्याला स्विस किंवा जपानी हवे, त्याच्यासाठी मुंबई होती, तिचा किनारा होता आणि रात्री उतरणारा माल होता. कलम १२३ या पार्श्वभूमीवरचे आहे. अशा मालाला डबी आणि गॅरंटी कार्ड कुठून असणार? क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात किंवा मनीष मार्केटमध्ये पक्की पावती मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार कसा बघत असेल, याची कल्पना करावी.

सत्तरच्या दशकात आखाताचे दार उघडले. बीड, माजलगाव, गेवराईची मुलेही सौदीला, कुवेतला गेली. येताना सीको, सिटिझन, रिको आणि कुणी फार कमावले असेल तर ओमेगा, रॅडो. घड्याळ मनगटावर असले की ते वापरातले. डबीत असले की नवे, मग ड्युटीचा प्रश्न. म्हणून डबी जेद्दाह नाहीतर कुवेतमध्येच टाकून यायची, हे आमच्याकडे प्रत्येक गल्फवाल्याला ठाऊक होते. हाजी साहेबही तेच करत. आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठले ते २००१ मध्ये. त्याआधीच्या परदेशी घड्याळाला आमच्या भागात मूळ डबी आणि कागद दोन्ही व्यवस्थित असतील, तर मला उलट तेच जरा चमत्कारिक वाटते.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. सुटे भाग मिळत नव्हते, त्या काळात घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांनी कमालीचे हुन्नर कमावले. एका मेलेल्या घड्याळाचे चक्र दुसऱ्यात, काटे तिसऱ्याचे, घासलेल्या केसला पॉलिश, काळवंडलेल्या डायलला नवा रंग. गिऱ्हाईकही खूश, कारण त्याला वेळ बघायची होती. यात फसवणूक काही नव्हती. पुढे परदेशातल्या संग्राहकांना जुन्या घड्याळांचे वेड लागले. भारतातून स्वस्तात निघालेली, भडक निळ्या-नारिंगी डायलची, आत तीन घड्याळांचे मशीन असलेली घड्याळे “पूर्णपणे मूळ” म्हणून विकली जाऊ लागली. त्यांना बाहेर ‘मुंबई स्पेशल’ असे कुचेष्टेचे नाव पडले. हात तेच होते, ब्रश तोच होता. फरक एवढाच पडला की पूर्वी रंग दिला हे सांगून दिला जायचा.

भेंडी बाजाराजवळच्या मटन स्ट्रीटचे नावही इथे निघतेच. चोर बाजार हे नाव मुळात ‘शोर बाजार’ होते आणि साहेबांच्या जिभेने त्याचे चोर केले, असे सांगतात. खरे-खोटे काहीही असो, त्या नावाचा डाग तिथल्या सरळ दुकानदारालाही लागतो. तिथे पिढ्यान्‌पिढ्या जुन्या मालात डोळे घालवलेली माणसे आहेत, डायल पेंट केलेली आहे हे पहिल्याच वाक्यात सांगणारी. त्याच गल्लीत गप्प राहणारीही आहेत. माणूस कुठल्या गल्लीत बसतो यावरून त्याचा निवाडा करणे मला पटत नाही.

आणि कागद, नामांकित घर, काचेचे दालन असले म्हणजे निर्धास्त राहावे, असेही नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाला फिलिप्स या लिलावगृहात १९५७ चे म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेले. घेणारी होती खुद्द ओमेगा कंपनी, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये उघड झाले की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून बनवलेले होते, आणि या प्रकरणात कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांची नावे असल्याचे कंपनीनेच सांगितले. ज्यांच्याकडे मूळ नोंदवह्या आहेत, त्यांच्याच घरात हे झाले! आमच्या सरांनी छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला घाबरायचे, मग जिनिव्हाच्या माणसाचे काय?

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार जुना आहे. सूरह बकराची २८२ वी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत, आणि तिचा विषय व्यवहार लिहून ठेवण्याचा. उधारीचा व्यवहार असेल तर लिहा, लेखकाने न्यायाने लिहावे, साक्षीदार घ्या. हातोहात होणाऱ्या सौद्यात मात्र लिहिले नाही तरी दोष नाही, पण साक्ष ठेवा, असा तिचा आशय आहे. लिहिण्याचा आग्रह आणि त्यातली सवलत, दोन्ही एकाच आयतीत. फिक्हमध्ये पुढे ‘खियार-ए-ऐब’ आले. मालातला दोष लपवून विकला आणि तो नंतर उघड झाला, तर सौदा रद्द करून माल परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला राहतो. दोष असणे हा गुन्हा नाही, तो झाकणे हा गुन्हा. पेंट केलेली डायल विकता येते. “कंपनीची मूळ डायल” म्हणून विकता येत नाही.

देशाचा कायदा मालकीबद्दल अधिक कडक आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम २७ असे की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून चांगला हक्क तो, काही अपवाद सोडले तर, घेणाऱ्याला देऊ शकत नाही. घड्याळ चोरीचे निघाले, तर सरांनी पूर्ण पैसे मोजलेले असले तरी ते मूळ मालकाचेच. फौजदारी गुन्हा मात्र तेव्हाच, जेव्हा चोरीचे आहे हे माहीत होते किंवा तसे मानायला कारण होते. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या ४११ कलमात होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१७ मध्ये आहे. बाजारभावाच्या चौथाईत मिळणारे ओमेगा हे ‘मानायला कारण’ ठरू शकते. सरांना सांगितलेली किंमत तशी नव्हती.

म्हणून मी त्यांना म्हटले, डबीचा नाद सोडा. रिकाम्या डब्या आणि कोरी कार्डे वेगळी विकत मिळतात, आणि डबी काही वेळ दाखवत नाही. घड्याळाचे मागचे झाकण घड्याळवाल्याकडून, विकणाऱ्याच्या समोर उघडून घ्या. ओमेगाचा नंबर त्या काळात मशीनवर कोरलेला असे, त्यावरून साल काढता येते. मशीन साठचे आणि केस ऐंशीची निघाली तर विचारा. रोलेक्स असते तर नंबर केसवर, पट्टा जोडतात त्या दोन कानांच्या मधे, पट्टा काढल्यावर दिसला असता; २००५ नंतरच्या काळात तो काचेच्या आतल्या कड्यावर येऊ लागला. सीकोच्या मागच्या नंबरातला पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा असतो, दुसरा महिन्याचा. डायलची अक्षरे भिंगाखाली बघा. छपाई काठावर फुटलेली असेल, काट्यांवरचा रेडियम हिरवागार आणि डायलवरचा तपकिरी असेल, तर काहीतरी नंतर झालेले आहे. ते वाईटच असे नाही, पण किंमत त्याप्रमाणे उतरली पाहिजे. केस सोन्याची असेल तर आपल्या पुरुषांच्या दृष्टीने सवालच संपला, पण पत्नीसाठी घेणाऱ्याने आतला स्विस छाप पाहावा. १९९५ पासून तो सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या डोक्याचा आहे, त्याआधी १८ कॅरटवर बाईचे मुख असे. लंडनच्या ‘वॉच रजिस्टर’कडे चोरीला गेलेल्या घड्याळांचे नंबर असतात, तिथे शुल्क भरून विचारता येते.

विकणाऱ्याला घड्याळाची गोष्ट विचारा, असेही सांगितले. “अब्बा १९७८ ला कुवेतहून आले, दोन वर्षे घातले, मग कपाटात” असे बोलणारा माणूस पुढच्या प्रश्नालाही उत्तर देतो. आणि त्याच्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या: घड्याळाचे नाव, मशीनचा नंबर, डायल मूळ की पेंट केलेली, कुठले भाग बदललेले, घड्याळ माझ्या मालकीचे आहे व कुणाचा हक्क निघाल्यास पैसे परत देईन, रक्कम, तारीख, आधारची प्रत, दोन साक्षीदार. पैसे बँकेतून. विकणारा सही करायला कचरला तर उठून यायचे.

सरांनी मजकूर मराठीत लिहावा की उर्दूत, असे विचारले. मी मराठीत लिहून दिला, विकणारा वाचू शकेल म्हणून.