हयगय

मालाडला राहायला आले त्याला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की दोन आवाज ठरलेले. एक लोकलचा खडखडाट आणि दुसरी लांबून जाणाऱ्या विमानाची घरघर. परवा नातीला विमानात बसवून दिलं आणि ती पोचल्याचा फोन येईपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. तेव्हा १९७६ सालची एक सकाळ आठवत बसले होते. तीच आज सांगते, कारण त्यात माझी एक चूक आहे.

दसरा होऊन गेला होता, दिवाळी दहा दिवसांवर आलेली. शाळेत सहामाहीची धामधूम. १२ ऑक्टोबर, मंगळवार. मद्रासला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं कॅरावेल विमान मध्यरात्र उलटल्यावर सांताक्रूझला कोसळलं होतं. ८९ प्रवासी, ६ कर्मचारी, एकूण ९५ माणसं. एकही वाचलं नाही. मल्याळम चित्रपटांतली नटी राणी चंद्रा त्यातच गेली.

वर्गात मुलांनी विचारलं, "बाई, कसं पडलं हो विमान?" मी तेव्हा पंचविशीतली. प्रत्येक गोष्टीतून बोध काढायची भारी हौस! म्हटलं, "कोणीतरी कामात हयगय केली असणार. म्हणून सांगते, पेपर दोनदा तपासून द्यायचा."

तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती. तिचे वडील विमानतळावर इंजिनांच्या दुरुस्तीला होते. तिने मान खाली घातली. मधल्या सुट्टीत जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, माझे बाबा हयगय नाही करत." मी म्हटलं, "अगं, तुझ्या बाबांना कोण काय म्हणालं?" आणि वह्यांचा गठ्ठा उचलून निघून गेले.

प्रत्यक्षात काय घडलं होतं? त्या फेरीला खरं तर बोइंग ७३७ जायचं होतं. त्याच्या इंजिनात बिघाड निघाला म्हणून आयत्या वेळी कॅरावेल आणलं. हे फ्रेंच बनावटीचं विमान, दोन्ही इंजिनं शेपटीजवळ. उड्डाण झालं आणि लगेच एक इंजिन बंद पडलं. एका इंजिनावर परत येऊन उतरता येतं, वैमानिकांना तशी तालीमच दिलेली असते. त्यांनी तेच केलं. विमान वळवलं आणि समुद्राच्या बाजूने धावपट्टीकडे आणलं.

पण इंजिन नुसतं बंद पडलं नव्हतं. जेट इंजिनात हवा दाबण्यासाठी एकामागे एक फिरत्या चकत्या असतात. त्यातली दहावी चकती फुटली होती. तिचे तुकडे इंजिनाचं कवच फोडून बाहेर आले, इंधनाच्या नळ्या तुटल्या आणि आग लागली. विमानाची दिशा आणि उंची सांभाळणाऱ्या पट्ट्या दाबाखालच्या तेलावर हलतात. आगीत ते तेलच गेलं. धावपट्टी समोर होती, उंची उरली होती जेमतेम ३०० फूट, आणि विमान कोणाचंच ऐकेना. धावपट्टीच्या हजारेक फूट अलीकडे ते कोसळलं.

चकती का फुटली? धातूच्या थकव्याने. लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवली की एका क्षणी तुटते ना, तसंच. आधी केसाएवढी भेग पडते आणि ती हळूहळू आत सरकत जाते.

अशीच एक गोष्ट पुढे अमेरिकेत घडली. १९ जुलै १९८९, डीसी-१० विमान, शेपटीतल्या इंजिनाची चकती फुटली आणि तेलाच्या तिन्ही यंत्रणा गेल्या. पण हे विमान खूप उंचावर होतं, त्यामुळे हाताशी वेळ होता. कॅप्टन अल हेन्स, त्यांचे सहकारी आणि प्रवासी म्हणून बसलेले एक प्रशिक्षक, डेनिस फिच, यांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत ते सू सिटीपर्यंत नेलं. उतरताना विमान मोडलं, तरी २९६ पैकी १८४ जण वाचले. तिथेही चकतीत भेग होती आणि तपासणीत ती सापडली नव्हती. चौकशीत मात्र नुसतं "हयगय झाली" म्हणून थांबले नाहीत. माणसाच्या नजरेला मर्यादा असतात, आणि तपासणीची पद्धत ठरवताना ते पुरेसं लक्षात घेतलं नव्हतं, असा दोष त्यांनी काढला.

हे वाचलं तेव्हा माझी नोकरी संपत आली होती. पस्तीस वर्षं पेपर तपासले मी! रात्री अकरा वाजता साठाव्या पेपरावर डोळे कसे होतात, हे मला कोणी सांगायला नको होतं. तरी त्या दिवशी एका शब्दात निकाल देऊन मोकळी झाले.

त्या मुलीचे बाबा त्या रात्री कामावर होते की नाही, तेसुद्धा मी विचारलं नाही. पुढे ती शाळा सोडून गेली. आज साठीला आली असेल.

नातीचा फोन पहाटे आला. "आजी, पोचले गं." तेव्हा मनात आलं, तिच्या विमानाच्या चकत्या कोणीतरी उजेडात धरून पाहिल्या असतील. तो कोण, ते मला कधीच कळणार नाही.

बाई गं, तुझ्या बाबांबद्दल मी तसं बोलायला नको होतं.