टेबलटॉप खेळासाठी भयाचे व्रण असलेलं पात्र कसं घडवायचं?

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसून तोंडी रचलेली गोष्ट. एक जण गेम मास्टर होतो, म्हणजे जग, राक्षस आणि संकटं त्याच्याकडे. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात. पात्राने काय करायचं हे खेळाडू सांगतो, ते जमलं का हे फासे सांगतात. १९७४ साली अमेरिकेत आलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा यातला सर्वांत प्रसिद्ध खेळ. १९८३ मध्ये ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांचं 'रेव्हनलॉफ्ट' आलं आणि या खेळात भयकथेला हक्काचं घर मिळालं.

भयकथेच्या खेळात शिरताना नवा खेळाडू पात्राची पूर्वकथा हमखास अशी लिहितो: गाव जळालं, आईबाप मेले, आता सूड. यात चूक काही नाही, पण टेबलावर याचा उपयोगही नाही. जळालेलं गाव मागे राहिलं. आज, या बंद दारापुढे उभं असताना ते पात्र इतरांपेक्षा वेगळं काय करणार? व्रण असलेलं पात्र घडवणं म्हणजे या प्रश्नाचं उत्तर शोधणं.

चाकणच्या किल्ल्यातलं एक उदाहरण

उदाहरण जवळचंच घेऊ. आज जिथे गाड्यांचे कारखाने आहेत त्या चाकणमध्ये संग्रामदुर्ग हा भुईकोट आहे. १६६० च्या पावसाळ्यात शाहिस्तेखानाने त्याला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी दीड महिन्याहून जास्त काळ किल्ला लढवला. शेवटी मुघलांनी भुयार खणून बुरुजाखाली सुरुंग लावला, ऑगस्टच्या मध्यावर बुरुज उडाला आणि किल्ला पडला.

इथपर्यंत इतिहास. पुढचं खेळासाठी.

समजा, तुमचं पात्र म्हणजे त्या किल्ल्यातला एक पोरगेला शिपाई. रात्री जमिनीला कान लावून खणण्याची चाहूल घ्यायची, हे त्याचं काम. स्फोटाच्या दिवशी बुरुजावर पाळी त्याची होती, पण अंग मोडून आलं म्हणून त्याने ती मित्राबरोबर बदलली. (पाळी बदलून घेणं म्हणजे काय, हे या पट्ट्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.) बुरुज उडाला, मित्र गेला. खेळ अद्भुताचा आहे, म्हणून एक गोष्ट वाढवू: आदल्या रात्री त्याने जमिनीखालून कुदळीचा आवाज ऐकला होता, आणि त्याच्याही खालून दुसरा एक आवाज. तो माणसाचा नव्हता.

आता व्रण कुठे दिसतो ते पाहा. हा माणूस जमिनीवर झोपत नाही; बैलगाडीत, माळ्यावर, झाडाच्या फांदीवर झोपतो. कुठल्याही खोलीत शिरण्याआधी खाली बसून फरशीला कान लावतो. कुणी 'आज पहारा तू कर, उद्या मी करतो' म्हटलं, की त्याचा चेहरा उतरतो. या तीन सवयींसाठी कुठलंही लांबलचक भाषण लागत नाही. सोबतचे खेळाडू दुसऱ्याच सेशनला विचारतात, "अरे, हा असा का करतो?" पूर्वकथा सांगायची खरी वेळ ती.

एक खबरदारी घ्यावी लागते. खेळाच्या नावातच तळघर आहे. 'मी जमिनीखाली उतरणारच नाही' असं पात्र बनवलंत, तर बाकीचे खाली जातील आणि तुम्ही वर बसून चहा प्याल. तेव्हा तो उतरतो, पण कमरेला दोर बांधून आणि सगळ्यांच्या शेवटी. व्रणाने पात्र अडखळावं, खेळ थांबू नये.

अपुरं काय राहिलं?

या बाबतीत आपली भुतं पाश्चात्त्य राक्षसांपेक्षा जास्त कामाची आहेत, असं मला वाटतं. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी मुलगा गेला, तर तो पिंपळावरचा मुंजा. बाळंतपणात बाई गेली, तर हडळ. प्रत्येकाच्या मागे काहीतरी अर्धवट राहिलेलं असतं. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी असल्या समजुतींची टिपणं जमवली होती. १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी त्यांना गोळी घातली. पुढे एन्थोवेन यांनी त्या सामग्रीवरून कोकणच्या लोकसमजुतींचं पुस्तक १९१५ मध्ये काढलं. गेम मास्टरसाठी ते खजिनाच आहे.

पात्रालाही हीच कसोटी लावा. आपल्या शिपायाचं अपुरं काय? मित्राच्या घरी जाऊन खरं सांगणं. ते त्याने अजून केलेलं नाही. गेम मास्टरच्या हातात हा धागा आला, की एखाद्या गावात मित्राची आई भेटू शकते, आणि तो प्रसंग कुठल्याही राक्षसापेक्षा अवघड जातो.

व्रण म्हणजे नेहमी माघारच, असंही नाही. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) मधल्या विनायकला आई पुन्हा तिकडे न जाण्याची शपथ घालते. तो जातोच. लहानपणी जे पाहिलं त्याने तो घाबरला, पण तिथे सोनं आहे हेही त्याला तेव्हाच कळलं होतं.

नियम काय देतात?

'कर्स ऑफ स्ट्राड' (२०१६) या पुस्तकात 'हाँटेड वन' नावाची पार्श्वभूमी आहे. ती घेतली, की साधी माणसं तुमच्या डोळ्यांत पाहूनच ओळखतात की यानं काहीतरी भयंकर पाहिलंय, आणि मदत करतात. म्हणजे व्रणाचा फायदाही होतो.

'कॉल ऑफ क्थुलू' (१९८१) जास्त निष्ठुर आहे. तिथे मनःस्वास्थ्याचे गुण असतात आणि भीषण काही पाहिलं की ते कमी होतात. एका फटक्यात ५ किंवा जास्त गुण गेले, तर बुद्धीवर फासा टाकायचा. त्यात यश मिळालं तर पात्राचा तोल जातो, कारण आपण काय पाहिलं हे त्याला नीट कळलेलं असतं! शिवाय त्या अमानवी गोष्टींचं ज्ञान जितकं वाढेल, तितकी मनःस्वास्थ्याची कमाल मर्यादा खाली येते. हा नियम मला फार आवडतो.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत वेडाचे तक्ते होते. २०२१ च्या रेव्हनलॉफ्ट पुस्तकाने त्याऐवजी भीती आणि ताण यांचे पर्यायी नियम दिले. बदल योग्यच होता. मानसिक आजार फाशावर काढून त्याची नक्कल करणं टेबलावर पटकन ओंगळ होतं.

टेबलावर बसलेली माणसं

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात पॉवर प्रेसवर बोटं गमावलेली माणसं आहेत. तुमच्यासोबत खेळणाऱ्या एखाद्याचे वडील त्यांतले असू शकतात. तुमच्या पात्राची 'राक्षसाने चावून तोडलेली दोन बोटं' तुम्हाला सजावट वाटेल, त्याला वाटणार नाही. कोविडमधले मृत्यू, आग, बाळंतपण यांचंही तसंच.

म्हणून पहिल्या खेळाआधी एक बैठक घ्यावी. रॉन एडवर्ड्स यांनी सुचवलेली विभागणी सोपी आहे: काही गोष्टी खेळात अजिबात आणायच्या नाहीत; काही घडतील, पण पडद्याआड, वर्णनाशिवाय. यादी सगळ्यांनी मिळून करायची आणि कारण कुणालाही विचारायचं नाही. जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांचं 'एक्स-कार्ड' याच्या पुढचं आहे. फुलीचं एक कार्ड टेबलाच्या मध्ये ठेवायचं. ज्याला नको वाटेल त्याने त्याला हात लावायचा, आणि तो प्रसंग तिथेच सोडून खेळ पुढे न्यायचा. गेम मास्टरने स्वतः एकदा ते वापरून दाखवलं, तर बाकीच्यांचा संकोच जातो.