आकाशातील दप्तर आणि राजघाटची माती

गेल्या वर्षी उत्सवाच्या वर्गणीसाठी फिरताना एका सहकाऱ्याच्या घरी बसणे झाले. त्यांचा तरुण मुलगा अपघातात गेला, त्याला तेव्हा सहा महिने झाले होते. टेबलावर पूर्वजन्मांवरची तीन-चार पुस्तके होती. कुणी अटलांटिसमध्ये पुजारी होता, कुणी इजिप्तमध्ये राजपुत्र. ते म्हणाले, "अहो, तुमचे वाचन आहे. यात खरे किती?" मला तेव्हा उत्तर देता आले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करतो.

अशा पुस्तकांचे एक मोठे प्रकरण आपल्या काशीशी जोडलेले आहे. अॅनी बेझंटबाईंनी 1898 मध्ये येथे सेंट्रल हिंदू कॉलेज काढले. पुढे 1916 मध्ये उभ्या राहिलेल्या काशी हिंदू विश्वविद्यालयाचे ते बीज ठरले. हे ऋण आपण विसरू नये. परंतु त्यांचे सहकारी लेडबीटर यांनी 1909 मध्ये मद्रासजवळ अड्यारच्या समुद्रकिनारी कृष्णमूर्ती नावाचा मुलगा पाहिला आणि हाच भावी जगद्गुरूचे वाहन होणार असे ठरवले. त्याचे पूर्वजन्म आपण दिव्यदृष्टीने 'आकाशिक दप्तरात' वाचले, असे सांगून ते 1910 पासून 'द थिऑसॉफिस्ट' मासिकात छापले. मुलाला नाव दिले कृत्तिकेतील 'अल्सायनी' ताऱ्याचे. प्रथम तीस जन्म आले, इ.स.पू. 22,662 पासून इ.स. 624 पर्यंत. 1924 च्या पुस्तकात ते अठ्ठेचाळीस झाले. त्या जन्मांतले सोबती कोण? तर सोसायटीतलीच मंडळी. "तुमचे नाव त्या जन्मांत आहे का?" असे अड्यारला लोक एकमेकांस विचारू लागले.

28 डिसेंबर 1911 रोजी काशीतच, कृष्णमूर्तींच्या हस्ते प्रमाणपत्रे वाटली जात असताना जमलेल्यांनी त्या सोळा वर्षांच्या मुलाच्या पायांवर डोके ठेवले. काशीच्याच भगवानदासांसारख्या जुन्या थिऑसॉफिस्टांना हे पटले नाही आणि त्यांनी उघड विरोध केला.

या पुस्तकांची पारख कशी करावी? आम्हा रेल्वेवाल्यांना मेजरमेंट बुकाची सवय. मातीकामाचे माप एकाने लिहिले तरी दुसऱ्याने जागेवर जाऊन टेस्ट चेक केल्याशिवाय बिल पास होत नाही. 22,662 हा आकडा फार नेमका दिसतो, पण तो तपासायला जागाच नाही. ज्याने लिहिले त्यालाच फक्त दिसते. नेमका आकडा म्हणजे पुरावा नव्हे.

दुसरी कसोटी अशी, की पुस्तकाला त्याच्या काळापुढचे काही ठाऊक होते का? या मंडळींच्या ग्रंथांत समुद्रात बुडालेले 'लेम्युरिया' खंड आहे. ते 1864 मध्ये स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञाने सुचवले होते, मादागास्कर आणि भारतातील लेमूरवर्गीय प्राण्यांचे साम्य उलगडावे म्हणून. पुढे भूखंडेच सरकतात हे सिद्ध झाले आणि त्या खंडाची गरज उरली नाही. उलट, खरोखर मातीखाली असलेले हडप्पा 1921 मध्ये आणि मोहेंजोदडो 1922 मध्ये उजेडात आले ते कुदळीने. दिव्यदृष्टीच्या एकाही पुस्तकाने तिथला रस्ता दाखवला नव्हता.

आपल्या राजघाटचेच पाहा. 1939-40 च्या सुमारास काशी स्टेशनच्या विस्तारासाठी रेल्वेने माती खणली, तर प्राचीन वाराणसी बाहेर आली. गुप्तकाळातील नगर-कचेरीचे नाव असलेल्या मातीच्या मुद्रा मिळाल्या. पुढे विश्वविद्यालयाने केलेल्या उत्खननात वस्ती सुमारे इ.स.पू. 800 पर्यंत मागे गेली. आकडा लहान वाटेल, पण तो कुणीही तपासावा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कृष्णमूर्तींचा धाकटा भाऊ नित्यानंद क्षयाने आजारी होता. तो जगणारच, त्याच्यावाचून जगद्गुरूचे कार्य होणे नाही, असा भरवसा दिला गेला होता. जन्मोजन्मीचा सोबती म्हणून पुस्तकातही त्याला ताऱ्याचे नाव होते. तो 13 नोव्हेंबर 1925 रोजी कॅलिफोर्नियात वारला. कृष्णमूर्तींना ती तार भारताकडे येताना, सुएझजवळ बोटीवर मिळाली. दहा दिवस ते रडले म्हणतात. 3 ऑगस्ट 1929 रोजी हॉलंडमध्ये ओमेन येथे सुमारे तीन हजार अनुयायांसमोर त्यांनी स्वतःसाठी उभारलेला 'ऑर्डर ऑफ द स्टार' हा संघ विसर्जित केला. ज्याचे अठ्ठेचाळीस जन्म छापले, त्यानेच ते गुंडाळून ठेवले. त्यांची शाळा आज राजघाटावरच आहे, याची मला नेहमी गंमत वाटते.

पुनर्जन्मावर श्रद्धा असणे निराळे. गीता आपण सारेच म्हणतो, आणि ती श्रद्धा कुणाची काढून घेण्याचा मला अधिकार नाही. पण गीता कुणाच्या मागल्या जन्माचे गाव आणि साल सांगत नाही. दुःखात असलेल्या माणसाला ते सांगणारा मात्र त्याच्या दुःखावर आपली इमारत बांधत असतो.

रामघाट, दुर्गाघाट, ब्रह्माघाट परिसरात आपल्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्या आहेत. यात्रेला आलेल्या पणजोबांची मोडीतली सही तिथे पाहिली की अंगावर काटा येतो. मी त्या सहकाऱ्यांना एवढेच सांगेन, की मुलाचे नाव त्या वहीत लिहून घ्या. तो इजिप्तमध्ये कोण होता हे कुणालाच ठाऊक नाही. तो तुमचा मुलगा होता, ही नोंद खरी आहे.

गणराय बुद्धीची देवता आहे. आरतीला हात जोडताना तिच्याकडे तेवढा विवेक मागू या.