बुडता खडक आणि त्याचे नाव : जेजू बेटावरील पाणबुड्या स्त्रियांची स्थलनिवड

किनाऱ्यावरील समाजाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास एक अडचण नेहमी जाणवते. समुद्रातून काय निघाले आणि त्यावर किती कर बसला, याची नोंद सरकारी दप्तरांत सापडते. परंतु ते नेमके कोठून काढले, आणि तीच जागा का निवडली, हे दप्तर सहसा सांगत नाही. दक्षिण कोरियातील जेजू बेट हे या अडचणीचे बोलके उदाहरण होय. श्वास रोखून समुद्राच्या तळाशी जाणाऱ्या आणि तेथून शंख, शिंपले व समुद्रवनस्पती काढून आणणाऱ्या तेथील स्त्रियांना ‘हेन्यो’, म्हणजे ‘समुद्रस्त्री’, असे म्हणतात. बुडी मारण्याची जागा त्या कशी ठरवीत आल्या, याचा विचार लिखित साधने आणि बोलीतील शब्द अशा दोन्ही अंगांनी करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम लिखित साधने पाहू. जेजू हे ज्वालामुखीतून निर्माण झालेले बेट असून त्याचा काळा खडक थेट समुद्रात उतरत जातो. चोसन राजवटीत या बेटावरून दरबारी पाठवावयाच्या नजराण्यात अ‍ॅबलोनी हा खडकाला घट्ट चिकटून राहणारा मोठा शिंपला प्रमुख होता. तो काढण्याचे काम प्रारंभी मुख्यतः ‘फोजाक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुरुषांकडे असे. स्त्रिया बहुतांशी समुद्रवनस्पती काढीत. हा भार असह्य होऊन पुरुष बेट सोडून पळू लागले. इ. स. १६२९ मध्ये बेटवासीयांना बेट सोडण्याची मनाई झाली व ती सुमारे दोनशे वर्षे टिकली. पुढे अ‍ॅबलोनीचा भारही हळूहळू स्त्रियांवर येऊन पडला. १६२८ मध्ये जेजूवर हद्दपार झालेल्या यी गोन याच्या बेटवर्णनात या स्त्रियांसाठी ‘जाम्न्यो’, म्हणजे ‘बुडी मारणारी स्त्री’, हा शब्द आढळतो. १७०२ मध्ये गव्हर्नर यी ह्योंगसांग याने बेटाचा दौरा केला. त्या दौऱ्याच्या ‘थाम्ना सुल्योकदो’ या चित्रसंग्रहातील एका चित्रात योंगदुआम या खडकाजवळ बुडी मारणाऱ्या स्त्रिया दिसतात, व त्यांच्याजवळ तोच शब्द लिहिलेला आहे.

स्थळ आणि व्यवसाय यांचा असा एकत्र दाखला मोलाचा आहे, यात शंका नाही. मात्र त्याचा अर्थ लावताना सावध राहिले पाहिजे. त्या चित्राचा मुख्य विषय गव्हर्नराचा नौकाविहार हा आहे. स्त्रिया चित्रात आल्या त्या नौका तेथे होती म्हणून; त्यांनी ती जागा का पसंत केली, हे चित्र सांगत नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दप्तर बाजूस ठेवून बोलीकडे वळावे लागते.

यांतील पहिला शब्द ‘यो’ हा होय. भरतीत पाण्याखाली जाणारा, ओहोटीत क्वचित माथा दाखविणारा खडक, असा त्याचा अर्थ आहे. अशा खडकाच्या आधाराने वनस्पती वाढतात आणि वनस्पतींवर जगणारे शंख व अ‍ॅबलोनी तेथेच राहतात. ‘मोसाल’, म्हणजे वाळू, पसरलेल्या तळाशी यांपैकी काही मिळत नाही. म्हणून स्थलनिवड म्हणजे मुख्यतः ‘यो’ची ओळख. पाण्याखालचा हा प्रदेश हेन्यो ‘समुद्राचे शेत’ या अर्थाच्या शब्दाने ओळखतात. हा केवळ अलंकार नव्हे. गावागावांच्या समुद्राला सीमा असतात. वनस्पती काढण्याचे बंद आणि खुले दिवस ठरविले जातात. आणि चांद्रवर्षाच्या दुसऱ्या महिन्यात योंगदुंग देवतेच्या उत्सवात समुद्रात पेरणी करण्याचा विधीही होतो. त्याच विधीत चटईवर पडलेले धान्याचे दाणे पाहून त्या वर्षीच्या समुद्रपिकाचा कौल घेतात.

परंतु जागेला वेळेवाचून अर्थ नाही. कोकणातील मच्छीमार ज्याला भांग म्हणतो, त्या मंद भरती-ओहोटीच्या काळास कोरियन भाषेत ‘जोगुम’ असा शब्द आहे. या दिवसांत प्रवाह सौम्य असतो, व बुडीचे दिवस त्याच्या आगेमागे येतात. भांगाच्या तिथीस सोयीचा असलेला ‘यो’ उधाणात जीवघेणा ठरू शकतो.

तिसरी कसोटी माणसाची आहे. हेन्यो स्त्रियांत ‘सांगगुन’, ‘जुंगगुन’ व ‘हागुन’, म्हणजे वरच्या, मधल्या व खालच्या फळीतील, असे तीन वर्ग कौशल्यानुसार मानले जातात. ‘बुलतोक’ या दगडी आडोशात शेकोटीभोवती बसून ज्येष्ठ स्त्रिया वारा आणि पाणी पाहून निर्णय करीत. खोल पाणी सांगगुनांचे. किनाऱ्यालगतचा उथळ भाग काही गावांत ‘हाल्मांग बादांग’, म्हणजे ‘आजीचा समुद्र’, या नावाने वृद्धांसाठी राखून ठेवलेला असे. श्वास साधारण एक मिनिट टिकतो. शेवटच्या शिंपल्याच्या लोभाने तळाशी रेंगाळणारीच्या नाकातोंडात शिरणाऱ्या पाण्याला ‘मुलसुम’, म्हणजे ‘पाण्याचा श्वास’, असा शब्द आहे. तेव्हा आपल्या श्वासापेक्षा खोल जागा न निवडणे हाच निवडीचा पहिला नियम ठरतो. सर्वोत्तम जागा सर्वांत बलिष्ठ स्त्रीची, एवढाच नियम असता तर ‘आजीचा समुद्र’ हा शब्द निर्माणच झाला नसता.

१९७० च्या दशकात रबरी पोशाख आले. त्यापूर्वी सुती कपड्यांत थंडी सोसवेना, म्हणून वारंवार शेकोटीकडे परतावे लागे. थंडीच ही मर्यादा घालीत होती. ती सैल झाल्यावर माणसांनी केलेल्या नियमांवरील भार वाढला. सात सेंटिमीटरांहून लहान शंख काढू नयेत, हा त्यांपैकीच एक नियम होय.

१९६५ मध्ये सुमारे २३ हजार हेन्यो होत्या. २०२३ मध्ये त्यांची संख्या ३ हजारांच्या आत आली, आणि त्यांतील बहुसंख्य साठीच्या पुढच्या आहेत. युनेस्कोने २०१६ मध्ये हेन्यो संस्कृतीचा समावेश अमूर्त वारशाच्या यादीत केला. त्याच संस्थेने २०१० मध्ये जेजूची बोली अत्यंत संकटग्रस्त ठरविली होती. या दोन नोंदी एकत्र वाचल्या पाहिजेत. समुद्रतळाचा नकाशा यंत्राने काढता येईल व त्यात प्रत्येक खडक दिसेलही. परंतु त्यांतील कोणता कोणत्या तिथीस टाळावा आणि कोणता आजीसाठी सोडावा, हे ज्ञान बोलीत आहे. म्हणून ‘यो’ची नावे कोशकाराने घरात बसून न टिपता, त्या स्त्रियांसमवेत किनाऱ्यावर, तिथी व भरती-ओहोटीच्या नोंदीसह टिपली पाहिजेत. दप्तराने जे कधीच लिहिले नाही, त्याचे हेच एक साधन उरले आहे, आणि ते वापरण्यास फार अवधी नाही.