पांडुरंग सांगवीकराचे दोन वाचक

१९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने पंचविशीतल्या एका लेखकाची पहिली कादंबरी काढली. आदल्याच वर्षी रणजित देसाईंची ‘स्वामी’ आली होती आणि माधवराव-रमाबाईंसाठी वाचक डोळे पुसत होते. खांडेकरांच्या ‘ययाति’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९६०चा. राजे, राण्या, त्याग, मोह यांत रमलेल्या या वाचकाच्या हाती भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ पडली. तीत राजा नव्हता आणि धड प्रेमकथाही नव्हती. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला, वसतिगृहाच्या मेसच्या भानगडीत अडकलेला, शिक्षण अर्धवट टाकून शेवटी गावी परतणारा पांडुरंग सांगवीकर तेवढा होता.

वाचकांत उभी फूट पडली, आणि ती अजून पुरती सांधलेली नाही.

एका बाजूचं म्हणणं असं की ही कादंबरीच नव्हे. कथानक नाही, नायक रडका आणि आळशी, भाषा चावडीवरची. वाक्यावाक्यात ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ पेरलं की साहित्य होतं काय, असा सवाल होता. ज्यांचं इंग्रजी वाचन होतं त्यांनी सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’कडे बोट दाखवलं. ती कादंबरी १९५१ची. तिच्यातला होल्डनही शिक्षणसंस्थेतून बाहेर पडलेला आणि ल्युकेमियाने गेलेल्या धाकट्या भावाला उराशी धरून न्यूयॉर्कभर भटकणारा. तेव्हा उसनवारीचा आरोप करायला फार शोधाशोध करावी लागली नाही. दुसऱ्या बाजूला पु. ल. देशपांडे होते. ज्यांच्या विनोदाला सदाशिव पेठेपासून पार्ल्यापर्यंत दाद मिळत होती, त्यांनीच या अवघड पुस्तकाचं मनापासून स्वागत केलं. आणि मुख्य म्हणजे खोल्याखोल्यांतून राहणारी, गावाकडच्या मनीऑर्डरची वाट बघणारी मुलं होती. त्यांच्या पत्रांत, गप्पांत पांडुरंगाची बोली शिरली. पुढे या लकबीची इतकी नक्कल झाली की मूळ पुस्तकच नक्कल वाटावं.

भांडणाला काळाचीही फूस होती. अशोक शहाणे यांचा ‘आजकालच्या मराठी साहित्यावर क्ष-किरण’ हा लेख ‘मनोहर’मध्ये आला तो १९६३मध्येच. प्रस्थापित लेखकांची त्यात त्यांनी अशी काही झाडाझडती घेतली की बरेच जण दुखावले. ‘असो’, ‘वाचा’ अशी लघुअनियतकालिकं निघत होती, बंद पडत होती. ‘वाचा’ तर नेमाड्यांचंच. त्यामुळे ‘कोसला’ आवडणं किंवा न आवडणं म्हणजे एका गटाची पावती फाडण्यासारखं झालं. १९७९ साली बाबा भांड यांनी ‘कोसलाबद्दल’ हे पुस्तक संपादित केलं. एका कादंबरीवरच्या मतमतांतरांचं आख्खं पुस्तक व्हावं, असा मान मराठीत फार थोड्या कादंबऱ्यांना मिळाला आहे.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. भाषेवर वाद झाला, अस्तित्ववादावर झाला, ग्रामीण-नागर या जोडीवर तर कंटाळा येईपर्यंत झाला. पण कादंबरीच्या मध्यावर एक लहान मुलगी मरते, आणि त्यानंतर पांडुरंग पूर्वीचा राहत नाही, हे समीक्षेने ओझरतं बोलून सोडून दिलं. साध्या वाचकाला विचारलं तर तो आधी तेच सांगेल.

मनी ही पांडुरंगाची धाकटी बहीण. ती देवीच्या रोगाने जाते. आज त्या रोगाचं नाव घेतलं की जुन्या माणसांच्या चेहऱ्यावरचे व्रण आठवतात, तरुणांना काहीच आठवत नाही. देवीच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम भारतात सुरू झाला १९६२ साली, म्हणजे ‘कोसला’च्या आदल्या वर्षी. देशातला शेवटचा स्थानिक रुग्ण सापडला तो १९७५मध्ये. तेव्हा १९६३च्या वाचकाच्या दृष्टीने मनीचं मरण ही लेखकाने रचलेली शोकांतिका नव्हती. गल्लीत, भावकीत कुणाकडे तरी ते घडून गेलेलं होतं. नेमाडे इथे वाचकाला रडण्याची सोय करून देत नाहीत. पांडुरंगाचं दुःख संतापातून, भलत्याच आठवणींतून, जवळजवळ निर्दय वाटणाऱ्या विचारांतून बाहेर पडतं. घरच्या माणसांच्या रीतसर शोकात त्याला सामील होता येत नाही. मग अजिंठ्याच्या लेण्यांतला, बुद्धासमोरचा भाग येतो. मराठी गद्यात शोकावर इतकी थोडी पानं इतकी उजवी क्वचितच उतरली असतील. ज्यांना ‘कोसला’ फुटकळ वाटते त्यांनी निदान ही पानं पुन्हा वाचावीत, असा आग्रह धरायला हरकत नाही.

खरं तर शोकाने माणसाची ओळख पुसली जाते आणि त्यावर वाचक भांडतात, ही मराठी कादंबरीची जन्मापासूनची खोड आहे. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७चं. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासात ठिकठिकाणच्या विधवांच्या हकिकती ऐकतात, आणि पुढे यमुना स्वतःच विधवा होते. शेवटी ती ख्रिस्ती होते, पुनर्विवाह करते. लेखक स्वतः तीन वर्षांपूर्वी, १८५४ साली धर्मांतर केलेला. दुःखाची गोष्ट कुठवर आणि धर्मप्रचार कुठून, हा वाद त्या पुस्तकाच्या पाचवीलाच पुजलेला होता. मग १८९०मध्ये हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ सुरू केलं आणि त्यात ‘पण लक्षांत कोण घेतो!’ क्रमशः येऊ लागली. तिथली यमूही विधवा. तिचं केशवपन होतं, म्हणजे आरशातली ओळखसुद्धा जाते. संमतिवयाच्या कायद्यावरून त्याच सुमारास, १८९१मध्ये, महाराष्ट्र दुभंगलेला होता. तशात यमूची कहाणी दर आठवड्याला घरात येत होती.

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आणि पाठोपाठ ‘हिंदोळ्यावर’ आली, तेव्हा तर लेखिकेची ओळखच गुप्त होती. विभावरी शिरूरकर कोण, बाई की बुवा, यावर पैजा लागाव्यात अशी हवा होती. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, गप्प राहिल्या. शिकलेल्या, अविवाहित किंवा नवऱ्याने टाकलेल्या बाईचं दुःख मांडायला टोपणनाव घ्यावं लागलं, यातच त्या वादाचं निम्मं उत्तर होतं.

नेमाड्यांना या वंशावळीची जाण होती. मराठी कादंबरीवरच्या आपल्या निबंधात त्यांनी ‘यमुनापर्यटन’, हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि गुंजीकरांची ‘मोचनगड’ (१८७१) अशा तीन पुस्तकांपासून तीन प्रवृत्ती काढल्या, आणि आपलं वजन पदमनजींच्या पारड्यात टाकलं. ‘कोसला’ परकी आहे म्हणणाऱ्यांना हे त्यांचं उत्तर होतं, असं म्हणता येईल. आपल्या सोयीची परंपरा प्रत्येक लेखक शोधतोच, हेही खरं.

वाचक कुठे बसून वाचतो, यावरही बाजू ठरते. मुंबईलगतच्या मीरा-भाईंदरचंच घ्या. ‘कोसला’ आली तेव्हा ते म्हणजे मिठागरं, भातशेती आणि उत्तनकडचे कोळीवाडे. नगरपरिषद आली १९८५ साली, महानगरपालिका २००२मध्ये. जनगणनेत २००१ साली ५,२०,३८८ माणसं मोजली गेली, २०११ साली ८,०९,३७८. नवघर, गोडदेव, खारी, काशी ही गावांची नावं आता रस्त्यांच्या आणि रिक्षाथांब्यांच्या कामी येतात. गावाहून आलेला आणि भाड्याच्या खोलीत राहणारा तरुण इथे पांडुरंग वाचतो तेव्हा त्याला शेवट खटकण्याचा संभव आहे. सांगवीला परत जायला पांडुरंगाच्या बापाची शेती होती, वाडा होता. हताश होण्याचीही ऐपत लागते, हा आक्षेप १९६३च्या समीक्षेतल्या कुठल्याही मुद्द्यापेक्षा भारी आहे. इथल्या मूळ गावकऱ्याचं वाचन आणखी निराळं असणार. तो कुठेच गेला नाही, गावच त्याच्या भोवतीनं उठून गेलं.

२०१० साली नेमाड्यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ आली. नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक, मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेला. वडील अत्यवस्थ असल्याचं कळतं आणि तो मोरगावला निघतो. पुन्हा खानदेश, पुन्हा घरातलं मरण, पुन्हा मीपणाचा शोध. वाचकांचे पुन्हा दोन तट पडले. जाडी, पाल्हाळ, शीर्षक, काहीच सुटलं नाही. गंमत अशी की या खेपेला तक्रार करणाऱ्यांत ‘कोसला’वर जीव टाकणारेही होते. त्यांना तोच पांडुरंग हवा होता, तो मात्र म्हातारा होऊन बोलत होता. २०१४चा ज्ञानपीठ पुरस्कार नेमाड्यांना जाहीर झाला तेव्हा दोन्ही तटांनी आपापली जुनी मतं झटकून पुन्हा बाहेर काढली.