माणदेश, औंध आणि चित्रकलेचे शिक्षक

माणदेशाचे नाव निघाले की दुष्काळ आणि मेंढरे यांचाच उल्लेख होतो. म्हसवडच्या शेजारचे आटपाडी ज्या औंध संस्थानात होते, त्याचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते, हे सहसा कोणी सांगत नाही. जे. जे. कलाशाळेतील अध्यापक महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्याकडून त्यांनी चित्रे करवून घेतली आणि १९३८ साली औंधच्या डोंगरावर संग्रहालय उभारले. हेन्री मूर यांचे ‘माता व बालक’ हे शिल्प आजही तेथे आहे. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर वेदाभ्यासक म्हणून विख्यात असले, तरी मूळचे चित्रकारच. तेही याच औंधात येऊन राहिले. त्यांचे पुत्र माधव सातवळेकर पुढे महाराष्ट्राचे कला संचालक झाले.

एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा १९१५ पासून चालत आल्या आहेत. त्यांचा एक लाभ मात्र निकालपत्रात दिसत नाही. गणिताला शाळेत दोन-तीन शिक्षक असतात, चित्रकलेला बहुधा एकच. स्थिरचित्रातील छायाप्रकाश मुलांना का साधत नाही, हे विचारावयास त्याला शाळेत सहकारी नसतो. परीक्षेचे केंद्र एका शाळेत असते, पंचक्रोशीतील मुले पॅड आणि रंगपेट्या घेऊन तेथे जमतात आणि त्यांच्यासोबत शिक्षकही एकत्र येतात. मांडणीला घडा कोणता, कापड कसे सोडावे, स्मरणचित्राचा सराव कसा घ्यावा, हे ज्ञान पुस्तकापेक्षा अशा भेटींतूनच पसरले. परीक्षणासाठी बसलेल्या शिक्षकाला तर परगावच्या मुलांची शेकडो चित्रे पाहावयास मिळतात. आपली शाळा कोठे आहे, हे त्याला तेथे उमगते. कलाध्यापक संघांचे बळही मुख्यतः याच ओळखींतून वाढले.

मार्च २०१८ च्या शालान्त परीक्षेपासून इंटरमिजिएटच्या अ, ब व क श्रेणींना अनुक्रमे ७, ५ व ३ वाढीव गुण ठरले आणि पालकांचे लक्ष या विषयाकडे वळले. (गुणांविना ते वळले असते, तर अधिक बरे झाले असते!) परंतु २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलेला अंशकालीन निदेशकाचीच तरतूद आहे, तीही शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळेत. अंशकालीन माणूस तास घेईल. परंतु शेजारच्या गावच्या शिक्षकाशी बसून मांडणीची चर्चा करण्यास त्याला सवड कोणी द्यावयाची, याचे उत्तर संस्थाचालकांनाच द्यावे लागेल.