हवालदाराची तलवार

दसऱ्याला आमच्या मालवणकडच्या घरात हत्यारांची पूजा मांडायची ती आजी. कोयती, कुदळ, पारय, नांगराचा फाळ आणि मासळी कापायची आडाळी, सगळं माजघरात ओळीनं ठेवून झेंडूची फुलं वाहायची. ओळीच्या टोकाला माळ्यावरून उतरवलेली जपानी तलवार. खोबरेलाचा बोळा पात्यावरून फिरला की ती परत जुन्या धोतरात गुंडाळली जाई आणि आम्ही देवाची तरंगां बघायला देवळाकडे पळायचो.

तलवार आजोबांनी लढाईतून आणलेली. ते मराठा पलटणीत नाईक होते. आमचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालचा. आजोबांच्या वेळी मालवण रत्नागिरीत मोडायचं. आंबोलीचा घाट चढून पोरं बेळगावला जायची, भरती व्हायची आणि मग घरी मनीऑर्डर यायची. तिच्यावर किती घरांची पेज शिजली असेल!

आजोबा लढाईचं फारसं बोलत नसत. पण जेवताना तांब्यातलं उरलेलं पाणी कुणी खळ्यात ओतलं, की हातातला पिठीभाताचा घास तसाच ठेवून त्याच्याकडे बघत राहायचे. ही सवय सांगशाकची, असं आजी सांगायची. ती ‘शांगसाक’ म्हणायची, आणि मला लहानपणी ते देवगडच्या पलीकडचं गाव वाटायचं. गाव मणिपुरात, उखरुलच्या बाजूला. मार्च १९४४ मध्ये कोहिमाकडे निघालेल्या जपान्यांना तिथं ५० व्या छत्री ब्रिगेडनं अडवून धरलं, आणि तिच्याबरोबर मराठ्यांची चौथी पलटण होती. खडकाळ टेकडी, कमरेएवढासुद्धा खंदक खणता येईना. विमानातून टाकलेली रसद बरीचशी जपान्यांच्या हद्दीत पडायची. पाण्याचे हाल झाले. २६ मार्चच्या रात्री उरलेली माणसं अंधारातून निसटली. पण त्या दिवसांत जपान्यांचा जो खोळंबा झाला, तो कोहिमाच्या कामी आला. आमच्या घरात या लढाईचं एवढंच राहिलं, की पाणी सांडायचं नाही.

तलवारीची गोष्ट मात्र काका सांगायचे, आणि ती दर दसऱ्याला थोडी वाढायची. त्यांच्या मते आजोबांनी ती एका जपानी जनरलकडून समोरासमोर झुंजून घेतली. आजी चुलीपुढून म्हणायची, “जनराल काय एकटो फिरता काय रे रानात?”

आजीची नजर तिखट. जपानी तलवारीच्या मुठीला वागळी माशाचं कातडं असतं, असं कुणीतरी आम्हाला सांगितलं होतं. आजीनं जन्मभर वागळी सोललेली. मुठीवर अंगठा फिरवून ती म्हणाली, “ह्यां कातडां न्हय. ह्यां ओतलेलां आसा.”

आजोबा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी वडिलांच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार बेळगावहून आले. त्यांनीही आधी मूठच पाहिली. अधिकाऱ्यांच्या तलवारी १९३४ आणि १९३८ च्या नमुन्याच्या. त्यांच्या मुठीवर वागळीचं खरखरीत कातडं, वरून दोऱ्याचं वेटोळं, ठिकठिकाणी चेरीच्या फुलांचं धातूकाम. मूठ बांबूच्या खुंटीनं बसवलेली. ती खुंटी काढली की आतल्या लोखंडावर कधी घडवणाऱ्याची सही सापडते. त्या लोखंडावरचा गंज घासायचा नाही, त्यावरून वय कळतं, असं त्यांनी बजावून सांगितलं. गोंड्यावरून हुद्दा ओळखतात: जनरलच्या गोंड्यात लाल-पिवळा, मेजर-कर्नलच्या तपकिरीत लाल, कॅप्टन-लेफ्टनंटच्या तपकिरीत निळा.

आमच्या तलवारीला यातलं काहीच नव्हतं. मूठ अॅल्युमिनियमची, सबंध ओतीव. दोऱ्याची वीण आणि कातड्याचे दाणे साच्यातच उठवलेले, वर रंग. खुंटीच्या जागी स्क्रू. पात्यावर लांब पन्हळ आणि मुठीजवळ ठोकलेला आकडा. ही १९३५ ची, हवालदार-सार्जंटांसाठी कारखान्यात काढलेली. अंगठ्यानं पारखणारी आजी तेव्हा हवी होती!

काकांचा चेहरा उतरला. मला मात्र ती तलवार त्या दिवसापासून जास्त आपली वाटू लागली. जनरल आमच्या घरात कुणी पाहिला होता? पण नाईक-हवालदार म्हणजे घरचंच माणूस. त्या आकड्याची तलवार कमरेला लावणाराही कुठल्या तरी भातशेतीच्या गावातून आलेला असेल, त्याच्याही पैशांची घरी वाट बघत असतील.

सुभेदारांनी मग म्यान उलटंसुलटं केलं. या नमुन्यात पात्याचा आणि म्यानाचा आकडा एकच असायचा. आमचे दोन्ही वेगळे निघाले. १९४५ च्या सप्टेंबरात शरणागती झाली. अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी सगळ्यांसमोर स्वाधीन करायच्या, असा माउंटबॅटन यांचा आग्रह होता. सिंगापुरात १२ सप्टेंबरला मोठा समारंभ झाला. जागोजागी हत्यारांचे ढीग लागले आणि त्यांतल्या कितीतरी तलवारी आठवण म्हणून सैनिकांच्या ट्रंकांतून घरोघर गेल्या. सुभेदारांचा कयास, आमची अशाच ढिगातली. घाईत कुणीतरी भलत्याच म्यानात घातलेली. मलाही तेच पटतं. आजोबा तेव्हा मलायात होते की ब्रह्मदेशात, यावर घरात अजून दोन मतं आहेत.

काकांनी हे सगळं ऐकून घेतलं, सोलकढीची वाटी संपवली आणि म्हणाले, “आकडे जुळनत नाय ह्यां खरां. पण झटापटीत म्यान बदलला नसात कशावरून?”